झिरो डेप असूनही क्लेममध्ये पैसे कापले, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, गेल्या महिन्यात नवले पुलाच्या उतारावर मागच्या टेम्पोने ढकललं आणि माझी गाडी पुढच्या गाडीवर आदळली, पुढचा बंपर आणि डावा हेडलॅम्प गेला. पॉलिसी झिरो डेपची आहे, म्हणजे भाग बदलताना जुनेपणापोटी घसारा कापायचा नाही असं कव्हर, त्यासाठी जादा प्रीमियम भरलाय, तरी बंपरवर प्लास्टिक म्हणून ५० टक्के घसारा कापलाय. फाइल चार्जचे (क्लेममधला आपण भरायचा सक्तीचा वाटा) १००० कापले ते समजू शकतो, ते सगळ्यांचेच कापतात, पण हे कसं?

आणि हेडलॅम्पचं तर फारच वाईट वाटलं, सर्व्हेयरने (नुकसान तपासणाऱ्याने) 'रिपेअर' लिहिलंय म्हणून गॅरेजवाल्याने हेडलॅम्प बसवायचा तुटलेला कान एम-सीलने चिकटवून दिलाय, काल पाऊस झाला तर काचेच्या आत पाणी साचलेलं दिसतंय. रात्री आईला घेऊन घाटातून जायचं असतं हो.

आता गॅरेजवाला म्हणतो आधी समाधानपत्रावर (काम नीट झालं असं लिहून देण्याच्या कागदावर) सही करा मगच गाडी मिळेल. मी अजून केलेली नाही. सर्व्हे रिपोर्टची कॉपी लेखी मागितलीये, कंपनीकडे तक्रारही टाकलीये. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) जाता येतं, फी लागत नाही, एवढं माहितीये. कोणी पुण्यात तिथे गेलंय का? सोबत काय काय कागद जोडले? आणि 'हरकत नोंदवून' असं लिहून सही केली तर चालते का, प्लीज सांगा.