घड्याळ आहे म्हणजे घड्याळ बनवणारा असणारच का?

प्रश्न: देव आहे हे दाखवायला इंग्लिश धर्मोपदेशक विल्यम पेलीने मांडलेलं १८०२ चं आर्ग्युमेंट वाचलं, माळरानावर घड्याळ सापडलं तर आतली स्प्रिंग, दातेरी चाकं बघूनच कळतं की हे कुणीतरी बनवलंय, मग डोळ्यासारखी रचना आपोआप कशी होईल? मला तरी पटतंय. चूक कुठेय?

प्रतिसाद १: घड्याळं बनताना आपण बघितलीत, विश्व बनताना कुणी बघितलंय? तत्त्वज्ञ ह्यूमची ही हरकत १७७९ लाच छापून आली होती, पेलीच्याही आधी! आणि डोळा पायरीपायरीने कसा घडू शकतो ते डार्विनने १८५९ मध्ये मांडलंच की.

प्रतिसाद २: नैयायिकांचंही (न्याय दर्शनवाल्यांचं) तेच ना, मडकं आहे तर कुंभार आहे, तसं जग आहे तर ईश्वर आहे. पण कुंभाराला हात असतात, चाक फिरवायला शरीर लागतं, मग बिनशरीराचा कर्ता कसा मानायचा? मीमांसा दर्शनाच्या कुमारिल भट्टांचा हा सवाल मला जास्त बोचतो.

प्रश्नकर्ता: शरीराचं डोक्यातच आलं नव्हतं, परत वाचतो.