मदत हवी आहे: अंड्यातलं पिवळं खायचं की टाकायचं? (वय ३६, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १४२)

नमस्कार मंडळी,

प्रश्न साधा आहे, पण त्यावरून घरात रोज वाजतंय. जाणकारांनी मदत करावी.

मी सांगलीचा. उंची पाच फूट आठ, वजन ८४. कुपवाड एमआयडीसीत अकाउंट्सला आहे, म्हणजे काम दिवसभर बसून. जानेवारीपासून विश्रामबागेतल्या एका जिमला जातोय. तिथल्या ट्रेनरने पहिल्याच दिवशी वहीच्या पानावर डाएट लिहून दिलं. सकाळी ४ अंडी, संध्याकाळी ४, पुढे 'फक्त व्हाइट' आणि त्याखाली दोन रेघा. पिवळं म्हणजे विष, असं त्याचं म्हणणं. पोरगा चोवीस वर्षांचा, दंड माझ्या मांडीएवढे. उलट विचारायचं धाडस झालं नाही.

आजी माळकरी, त्यामुळे अंडी स्वयंपाकघरात चालत नाहीत. गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये जुनी शेगडी आणि एक ॲल्युमिनियमचं पातेलं, एवढाच माझा संसार. सकाळी सहाला अंडी उकडतो, सोलतो, दोन फाका करतो आणि अंगठ्याने पिवळं बाहेर ढकलतो. दिवसाला आठ बलक. सुरुवातीला कचऱ्यात टाकायचो, मग जिवावर यायला लागलं. शेजारची मांजर वर येते, तिला घालू लागलो. दोन महिन्यांत माझं वजन दीड किलो उतरलं. मांजर मात्र कठड्यावर उडी मारायच्या आधी आता दोनदा विचार करते.

परवा तात्या (चुलते, वय ७२) वर आले. तरुणपणी तालमीत होते, कवठेपिरानच्या मारुती मानेंच्या कुस्त्या बघत वाढलेले. पातेल्याशेजारची ताटली बघून म्हणाले, "आरं, खोबरं मांजराला आणि करवंटी तू चावतोस व्हय?"

तात्यांचं लगेच पटलं असतं, पण वडिलांची २०१९ मध्ये बायपास झालीय. माझा गेल्या महिन्यातला रिपोर्ट: एकूण कोलेस्टेरॉल २१८, एलडीएल १४२, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३८, ट्रायग्लिसराइड १९०. शुगर नॉर्मल. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. तेलकट-तुपकट कमी करा, तीन महिन्यांनी परत तपासू म्हणाले. अंड्याचं विचारायचं राहून गेलं, बाहेर ही गर्दी.

तर पिवळं पूर्ण बंदच ठेवू का? नुसत्या पांढऱ्यावर प्रोटीन भागतं का? आणि जिममधली पोरं कच्ची अंडी दुधात फेटून पितात, तसं केलं तर शेगडीचा खटाटोप तरी वाचेल. शिवाय उकडलेल्या पिवळ्याभोवती हिरवट-काळी कडा येते, ती अंडी शिळी असतात म्हणून का?

ताकभात
आहारतज्ज्ञ आहे, पण तुमची तपासणी मी केलेली नाही, हे धरूनच वाचा.

५० ग्रॅमच्या अंड्यात सहा ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं. त्यातलं साडेतीनच्या आसपास पांढऱ्यात, बाकीचं पिवळ्यात. पिवळ्यात प्रोटीनच नसतं हे जिममधलं पुराण आहे. तुमच्या आठ पांढऱ्यांतून २८-२९ ग्रॅम मिळतं. तेवढंच ३ पूर्ण आणि ३ पांढऱ्यांतूनही मिळतं, म्हणजे दोन अंडी वाचली. ट्रेनरचा मुद्दा कॅलरीचा असावा. पांढऱ्यात साधारण १७, पिवळ्यात ५५. वजन उतरवताना तो अगदीच खोटा नाही. पण अ आणि ड जीवनसत्त्व, कोलीन, बी-१२ चा बहुतेक वाटा, हे सगळं पिवळ्यात. घरात मांस-मासे नसतील तर बी-१२ सहजी सोडून देऊ नये.

आता कोलेस्टेरॉल. एका पिवळ्यात १८५ मिलिग्रॅमच्या आसपास. पूर्वी दिवसाला ३०० ची मर्यादा सांगायचे. अमेरिकेच्या आहारविषयक सूचनांतून तो आकडा २०१५ च्या आवृत्तीत गेला. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं, आणि एलडीएल चढवण्यात तूप, लोणी, चरबी, वनस्पती तूप (डालडा) यांचा हात अंड्यापेक्षा मोठा. पण 'मर्यादा उठली, हाणा आता' असा अर्थ कोणी काढू नये. काहींच्या रक्तात खाल्लेलं कोलेस्टेरॉल इतरांपेक्षा जास्त उतरतं, आणि आपण त्यातले की नाही ते रिपोर्टच सांगतो. वडिलांची बायपास आणि हे आकडे बघता मी तुम्हाला रोज एक पूर्ण, बाकी पांढरी असं सुचवेन. तीन महिन्यांनी एलडीएल बघायचा. त्याआधी डॉक्टरांना फोन करून एवढं एकच विचारा.

माजी लाल मातीवाला
तात्यांना दंडवत! पण भाऊ, तात्यांच्या वेळचा गडी पहाटे उठून हजार बैठका मारायचा, वर आखाडा खणायचा. त्याला बदामाची थंडाई पण जिरायची. तू दिवसभर खुर्चीत.

कच्च्याचं म्हणशील तर आम्हीही प्यायलो. वर्षभर मिशीला वास.

ताकभात
कच्चं नकोच. शिजवलेल्या अंड्यातलं ९० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन अंगी लागतं, कच्च्यातलं जेमतेम निम्मं. कच्च्या पांढऱ्यातलं ॲव्हिडिन नावाचं प्रोटीन बायोटिनला (हे एक बी जीवनसत्त्व) धरून ठेवतं, आणि साल्मोनेला जंतूंचा धोका वेगळाच.

ती कडा म्हणजे अंडं शिळं नव्हे, जास्त उकडलंय. पांढऱ्यातलं गंधक आणि पिवळ्यातलं लोह यांची ती करामत, खाल्ली तरी अपाय नाही. उकळी आल्यावर नऊ-दहा मिनिटं, मग लगेच गार पाण्यात. सालही सुटसुटीत निघेल.

मिरजेचा पाहुणा
२०१७ मध्ये एक प्रयोग छापून आला होता. दहा तरुणांना व्यायामानंतर १८ ग्रॅम प्रोटीन दिलं, एकदा पूर्ण अंड्यांतून, एकदा नुसत्या पांढऱ्यातून. प्रोटीन तेवढंच, पण पूर्ण अंड्यांनंतर स्नायूबांधणी जास्त झाली. अर्थात माणसं दहाच आणि मोजमाप काही तासांचं, दंड किती वाढले ते कोणी मोजलं नव्हतं. ट्रेनरला सांगायला बरं.

माझा प्रश्न वेगळाच आहे. चार वाजता काय खाता?

धागाकर्ता
पकडलंत. कँटीनला चहाबरोबर खारी, तीन-चार. आठवड्यातून तीनदा वडापाव. घरी आल्यावर जेवण होईपर्यंत भडंग, आणि ते वाटीने नव्हे, डब्यातूनच.

मिरजेचा पाहुणा
मग एवढे दिवस बलकाला कशाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंत? बेकऱ्यांतल्या खारीत बहुधा वनस्पती तूप असतं. रोजच्या चार खाऱ्या गिळायच्या आणि सकाळी अंगठ्याने पिवळं उकरायचं! आधी खारी बंद. भडंग वाटीत घ्या, डबा दुसऱ्या कोणाकडे द्या.

माजी लाल मातीवाला
+१. उरलेलं पिवळं पोराबाळांना द्या की. मांजराला काय आखाड्यात उतरवायचंय?

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. डॉक्टरांशी बोललो. रोज एक पूर्ण चालेल, पण रिपोर्ट चुकवायचा नाही म्हणाले. आता सकाळी एक पूर्ण आणि तीन पांढरी. संध्याकाळची चार बंद, त्याऐवजी मोडाची मटकी आणि ताक. आठाची चार झाल्यावर रोजचे अठ्ठावीस रुपये वाचतात, हा हिशेब माझ्याआधी बायकोने केला.

ट्रेनरला सांगितलं. त्याने वहीत 'व्हाइट' खोडून काहीच लिहिलं नाही, नुसतं "बघू" म्हणाला.

नऊ वर्षांची लेक आज गच्चीवर आली. तीन बलकांतलं एक तिने मीठ-मिरपूड लावून खाल्लं. डब्यासाठी दुसरं मागत होती, पण आजी जिन्यात उभी असल्याने बेत रहित. मांजर कठड्यावर बसून लेकीच्या ताटलीकडे बघत होती, खाली उतरली नाही.