सोसायटीमागच्या ओढ्यात वाघाटी दिसली, पकडून जंगलात सोडायची का?

ओढ्याकाठचा:
नाशिकच्या मखमलाबाद शिवारात आमची सोसायटी आहे. तीन बाजूंनी प्लॉट पडलेत, मागे ओढा. काठाला घाणेरी, बाभळी आणि एका शेतकऱ्याची उरलीसुरली द्राक्षबाग. परवा रात्री पार्किंगच्या दिव्याखाली कॅमेऱ्यात एक मांजर सापडलं. घरच्या मांजरीच्या निम्मं. अंगावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी, कपाळावरून मागे गेलेले गडद पट्टे. व्हिडिओ ग्रुपवर पडताच कुणीतरी 'बिबट्याचं पिल्लू' म्हणून ठोकून दिलं आणि मुलांचं खाली खेळणं बंद झालं. ओळखीतल्या पक्षीमित्राने ही वाघाटी, म्हणजे रानटी मांजरांतली एक छोटी जात असल्याचं सांगितलं.

आता दोन गट पडलेत. एक म्हणतो, जेसीबी लावून ओढा साफ करा. दुसरा (मला भीती याचीच जास्त आहे) म्हणतो, पिंजरा लावू आणि बिचारीला बोरगडच्या जंगलात सोडून येऊ. रविवारी मीटिंग आहे. अध्यक्षांना काय सांगू?

शुभांगी_पाथर्डीफाटा:
व्हिडिओत आधी शेपूट बघा. रानमांजराच्या शेपटीच्या टोकाकडे काळी वळी असतात, पाय लांब, अंगाला फारसे ठिपके नाहीत. वाघाटीच्या शेपटीवर तशी ठळक वळी दिसत नाहीत. बिबट्याच्या पिल्लाचे पंजे अंगाच्या मानाने भलतेच मोठे असतात. वनविभागाच्या १९२६ वर फोन करा, निदान नोंद होईल. पिंजरा अजिबात नको. वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मधला प्राणी आहे. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय पकडला तर सरळ गुन्हा, तीन ते सात वर्षं.

बागाईतदार_निफाड:
आमच्याकडे ऊस आणि बाग दोन्ही आहे. तोड सुरू झाली की शिवारात कुणाच्या ना कुणाच्या फडात पिल्लं निघतातच. बिबट्याची, रानमांजराची, कधी हिची. पूर्वी लोक पिशवीत घालून घरी न्यायचे, गाईचं दूध पाजायचे, हगवण लागून पिल्लू खलास. आता मुकादम स्वतः फोन करतो.

मागच्या हंगामात आमच्याच उसात वाघाटीची दोन पिल्लं निघाली. डोळे नुकते उघडलेले, दोन्ही मिळून एका तळहातावर मावली असती. पण कुणी हात लावला नाही. वनखात्याचा माणूस आला, हातमोजे घालून त्याच सरीत टोमॅटोचं कॅरेट आडवं ठेवलं, पिल्लं आत, वर पाचट. तेवढ्या कोपऱ्यातली तोड थांबवली आणि सगळ्यांना बांधापलीकडे काढलं. कुत्री हाकलायला लांब एक पोरगं बसवलं. नंतर कॅमेऱ्यात बघितलं तर अंधार पडल्यावर आई आली, कॅरेटभोवती फिरली आणि तशीच निघून गेली. बऱ्याच वेळाने परत आली ती थेट आत शिरली, एकाची मान धरली आणि पसार. मग दुसऱ्यासाठी आली. दोन्ही खेपांना ती बांधावरच्या घाणेरीतूनच गेली. तोडलेल्या मोकळ्या रानात तिने पाऊल टाकलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की या दीड किलोच्या जनावराला अभयारण्य लागत नाही. अंग लपवायला सलग झाडोरा आणि पोटाला उंदीर, बस्स. ते तुमच्या ओढ्यावर आहे म्हणून तर ती तिथे आहे. बोरगडला पाणी कुठे, लपण कुठे, तिला काय ठाऊक? आणि ओढ्यात तिची पिल्लं असली तर ती मागे उपाशी मरतील. तुमचा दयाळू गट जेसीबीवाल्यांच्या बरोबरीने नुकसान करणार बघा.

आता तुमच्या हातातलं सांगतो. डक्टमध्ये उंदरांसाठी ब्रोमाडिओलोनच्या वड्या टाकत असाल तर बंद करा. त्या खाऊन उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस झिंगत फिरतो, आणि असला उंदीर हिच्या आयता तोंडात जातो. विष तिच्याही पोटात. साधे सापळे लावा. ओढ्यावर मारलेला फ्लडलाइट खाली वळवा. सोसायटीत मांजरं पोसत असाल तर त्यांची नसबंदी आणि लस करून घ्या. त्यांचे रोग हिला लागतात, शिवाय संकराचीही भीती असते. घाणेरी परदेशी, ती काढावी हे खरंच. पण आधी करवंद, निरगुडी लागू द्या, मग थोडी थोडी काढा. एकदम बोडकं केलंत तर वाघाटी गेलीच समजा.

सिंगापूरकर_पंचवटी:
मूळचा पंचवटीचा, नोकरीमुळे इकडे सिंगापूरला. हा अख्खा देश नाशिक महापालिकेच्या साधारण पावणेतीनपट. इथे वाघाटीची चुलत बहीण बिबटमांजर कशीबशी टिकून आहे. रानटी मार्जारांतली ती एकटीच उरलीय, वाघ केव्हाच संपले. १९८६ मध्ये पूर्ण झालेल्या एक्स्प्रेस-वेने बुकित तिमाचं जंगल मधोमध कापलं. ते जोडायला २०१३ साली रस्त्यावरून ६२ मीटर लांब, झाडं लावलेला पूल बांधावा लागला. आणि ही मांजरं चांगल्या संख्येने कुठे सापडली, तर तेकोंग या लष्करी सरावाच्या बेटावर, जिथे आम्हाला पाय ठेवता येत नाही. निफाडच्या दादांनी सांगितलेला झाडोराच इकडे काँक्रीटच्या खांबांवर उचलून धरलाय. तुमचा फुकटात आहे, तो घालवू नका.

फ्लॅटधारक_गंगापूररोड:
लिहायला सोपं आहे. झाडी ठेवली की बिबट्याही येतो, आम्ही भोगलंय. लहान मुलं आहेत घरात.

बागाईतदार_निफाड:
ताई/दादा, भीती खरी आहे. आमच्या उसात तो राहतोच, मी नाकारत नाही. पण वस्तीत तो बहुतेक कुत्र्यांच्या मागे येतो, आणि कुत्री कचऱ्याच्या मागे. तुमच्याकडच्या ओढ्यात चिकनवाला पिसं-आतडी टाकतो का, ते आधी बघा. संध्याकाळनंतर पोरं एकटी काठाला नकोत, हे मीही म्हणेन.

ओढ्याकाठचा:
मीटिंग झाली. तीन ते सात वर्षं ऐकल्यावर पिंजऱ्याचा विषय दोन मिनिटांत मिटला. वड्या बंद, सापळे मंजूर. फ्लडलाइटवरून भांडण चालू आहे, खालच्या मजल्यावाल्यांना चोरांची भीती. जेसीबी तूर्त पावसाळ्यापर्यंत पुढे ढकललाय. तोवर करवंदाची रोपं कुठल्या नर्सरीत मिळतील ते सांगा कुणीतरी.

शुभांगी_पाथर्डीफाटा:
म्हसरूळला वनविभागाच्या रोपवाटिकेत विचारून बघा. आणि व्हिडिओ इथे टाकणार असाल तर सोसायटीची पाटी कापून टाका. नाहीतर शनिवारी रात्री टॉर्च-कॅमेरे घेऊन पोरांची रांग लागेल ओढ्यावर.