टॉवरमध्ये आईचा जीव रमत नाही, काय करावं?

मदत हवी आहे. वरळीच्या बीडीडी चाळीतून आम्ही नव्या टॉवरमध्ये आलो. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं घर, संडास घरातच. तक्रारीला जागा नाही. पण आईचा जीव रमेना. चाळीत दार फक्त झोपताना लागायचं. इथेही ती दार सताड उघडं टाकून उंबऱ्याशी लसूण सोलत बसते, पण पॅसेजमध्ये कुणी फिरकत नाही. शेजारी जुनेच, लॉटरीत मजले तेवढे विखुरले. लिफ्टने एकटी उतरायला घाबरते. (भजनी मंडळही बंद पडलंय.)

गिरगाव-लालबागला पुनर्विकास झालेल्यांनो, म्हाताऱ्या माणसांची बैठक पुन्हा कशी जमवलीत? मजल्यावर बाकडं ठेवायला सोसायटी परवानगी देते, की आगीच्या नियमात अडकतं?