मदत हवी आहे: गावच्या स्मृतिस्तंभावर एक नाव अडलंय (तातडीचं)

तिलारीकर
आमच्या गावात चौकात स्मृतिस्तंभ उभा राहतोय. बेळगावच्या मराठा सेंटरला, म्हणजे मराठा रेजिमेंटच्या केंद्रात, ट्रेनिंग घेऊन लढाईत कामी आलेल्या गावकऱ्यांची नावं त्यावर कोरायची आहेत. बाकीच्यांचे कागद जमले, एकच नाव अडलंय आणि ते नेमकं आमच्या घरचं आहे. आजोबांचे थोरले भाऊ. कमिटी म्हणते पुरावा आणा. सोमवारी पाथरवट कोरायला बसणार. एका कचेरीत अर्ज दिलाय, तिथे "सैन्यातला नंबर असल्याशिवाय काही होणार नाही" एवढंच ऐकवतात. नंबर असता तर अर्ज कशाला केला असता? नेटवरही शोधलं, कोल्हापूर जिल्हा टाकून, काही निघत नाही. कुणाला मार्ग माहीत असेल तर लवकर सांगा. "बेळगावला जाऊन विचारा" असले सल्ले नकोत, बेळगाव आम्हाला हाकेच्या अंतरावर आहे, ते आम्हालाही सुचतं.

कागदपत्रे
कोणतं युद्ध? कोणती बटालियन? साधारण साल? यातलं एकही न सांगता लवकर कसं सांगणार?

तिलारीकर
जर्मनच्या लढाईत गेले. मराठा पलटण. वर लिहिलंय की.

गस्तवाला
दिल्लीला राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे, तिथे सगळ्या शहिदांची नावं भिंतीवर कोरली आहेत. वेबसाईटवर नाव टाका, दोन मिनिटांत काम होईल.

कागदपत्रे
@गस्तवाला, ते स्मारक स्वातंत्र्यानंतरच्या जवानांसाठी आहे. २५ फेब्रुवारी २०१९ ला त्याचं उद्घाटन झालं. जर्मनची लढाई त्यात कशी सापडेल? आणि कुणी इंडिया गेट सुचवायच्या आत सांगतो, तिथे जेमतेम तेरा हजार नावं आहेत, तीही मुख्यतः वायव्य सरहद्द आणि अफगाण युद्धाच्या बाजूची.

सुभेदार_निवृत्त
तिलारीकर, मराठा पलटण म्हणजे एक नव्हे हो. दुसऱ्या महायुद्धातलं बघा. तिसरी बटालियन आफ्रिकेत केरेनला आणि पुढे इटलीत, नाईक यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो त्यांच्याच पलटणीत, १९४४ साली. चौथी बर्माच्या बाजूला, सांगशाकला. प्रत्येक आघाडीची नावं वेगवेगळ्या स्मारकांवर आहेत. इटलीतला जवान रंगूनच्या यादीत शोधलात तर जन्मभर सापडायचा नाही. घरातली म्हातारी माणसं कुठल्या गावाचं, बंदराचं नाव घेतात का? तेवढं विचारा.

तोब्रुकचा_नातू
आमचे आजोबा दुसऱ्या बटालियनचे. जून १९४२ मध्ये लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा ते अख्ख्या ब्रिगेडबरोबर कैद झाले. आधी इटलीत, मग जर्मनीत. घरी आले तेव्हा आजीनं ओळखलं नाही. त्यांना इटालियन शिव्या इतक्या छान यायच्या की लहानपणी आम्हाला ते मंत्र वाटायचे. तुमचेही तोब्रुकचेच असणार, आपल्या भागातली बरीच माणसं त्या पलटणीत होती. माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांत काम होतं. बाकी सगळे मार्ग फुकटचे हेलपाटे.

कागदपत्रे
माहिती अधिकारातही नंबर आणि पलटण विचारणारच. आधी माणूस कुठे गेला ते कळू दे.

पेन्शनर_काका
वीरपत्नींनी नोव्हेंबरात 'स्पर्श'वर, म्हणजे लष्करी पेन्शनच्या वेबसाईटवर, हयातीचा दाखला भरायला विसरू नये. आधार लिंक असेल तर घरबसल्या होतं. पुष्कळांची पेन्शन यामुळे अडते.

तिलारीकर
काका, त्यांचं लग्नच झालं नव्हतं.
सुभेदारसाहेब, आईला विचारलं. ती म्हणते, तिची सासू सांगायची, "बसऱ्याला गेले ते गेलेच." म्हणजे इराकातलं बसरा ना?

सुभेदार_निवृत्त
बसरा असेल तर हे पहिलं महायुद्ध. मेसोपोटेमिया, म्हणजे आजचं इराक.

तोब्रुकचा_नातू
कशावरून? एप्रिल १९४१ मध्येही आपली फौज बसऱ्याला उतरली होती. इराकात तेव्हाही लढाई झाली.

सुभेदार_निवृत्त
झाली, पण थोडे दिवस. मेसोपोटेमियात मराठ्यांच्या पलटणीच्या पलटणी गेल्या. १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. आमच्या सेंटरमधलं शर्कत स्मारक ऑक्टोबर १९१८ च्या तिथल्याच लढाईचं. आम्ही रिक्रूट असताना तिथं उभं करून सांगितलं जायचं. मी अंदाजानं बोलत नाही.

तोब्रुकचा_नातू
साहेब, तुमचा मान राखून सांगतो, ज्यांच्या घरचे दुसऱ्या महायुद्धात होते त्यांनाही काही कळतं. धागाकर्ते पन्नाशीचे असतील तर आजोबांचा भाऊ १९४१ चाच असणार. हिशेब करा.

कागदपत्रे
थोरला भाऊ, लग्न न झालेला. १८९५ च्या आसपासचा जन्मही बसतो. हिशेबानं दोन्ही जुळतं, त्यामुळे भांडून उपयोग नाही. तिलारीकर, घरी पदक आहे का? पहिल्या युद्धाच्या पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण सगळं बारीक कोरलेलं असतं.

तिलारीकर
पदक असतं तर धागाच काढला नसता. कागद नाही, पदक नाही. फक्त एक पितळी ताटली आहे, तिच्यावर त्यांचं नाव आहे इंग्रजीत. ती देव्हाऱ्यात समईखाली असते, तेल सांडू नये म्हणून. पण तिच्यावर नंबर वगैरे काही नाही.

कागदपत्रे
अहो!!! हे आत्ता सांगताय?
आधी ती समईखालून काढा. एका हातात त्रिशूळ आणि दुसऱ्या हातात पानांचं कडं घेतलेली बाई आहे का? शेजारी सिंह? आणि अगदी खाली, नीट बघा, दुसरा छोटा सिंह एका गरुडाला फाडताना दिसतो का? नाव कोरलेलं आहे की उठावाचं?

तिलारीकर
बाई आहे, सिंह आहे. दोन माशांसारखं पण काहीतरी आहे. खालचा सिंह आईला दिसला, मला चष्मा लावावा लागला. नाव उठावाचं, चौकटीत. काठाला इंग्रजी अक्षरं आहेत, निम्मी गेलीत. वीतभरापेक्षा कमी रुंद.

कागदपत्रे
मासे नव्हेत, डॉल्फिन. ती ताटली नाही आणि पितळीही नाही, ब्राँझची आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी ब्रिटिश सरकारनं हे स्मृतिपदक पाठवलं होतं, सुमारे १२ सेंटीमीटर रुंदीचं. काठावर 'स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी त्याने प्राण दिले' या अर्थाचं वाक्य आहे. मुद्दाम हुद्दा घातला नाही, सगळे सारखे म्हणून. दुसऱ्या महायुद्धात अशी पदकं दिलीच नाहीत. म्हणजे वाद मिटला, आणि ते युद्धात गेले हा पुरावा तुमच्या समईखाली शंभर वर्षं पडून आहे.

तोब्रुकचा_नातू
ठीक. पहिलं तर पहिलं. पण माहिती अधिकाराचं माझं म्हणणं कायम आहे.

पितळी_अडकित्ता
ताटली घासू नका हो!! जुन्या धातूवरचा काळपट थर घालवला की किंमत निम्मी होते.

तिलारीकर
आई दर दिवाळीला चिंचेनं घासते. विकायची नाहीये. पुढे काय करू ते सांगा, शुक्रवार आला.

कागदपत्रे
कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणून महायुद्धांतल्या मृतांच्या नोंदी ठेवणारी संस्था आहे, तिच्या संकेतस्थळावर जा. ताटलीवर नावाचं जे स्पेलिंग आहे तेच अक्षरशः टाका, तुम्ही आज लिहिता ते नको. युद्ध पहिलं निवडा, सैन्य भारतीय. बसरा मेमोरियलवर चाळीस हजारांहून जास्त जणांची नोंद आहे. तिथे भिंतीवर इंग्रज शिपायांची नावं कोरली आणि आपल्या शिपायांचे नुसते आकडे, पलटणीगणिक. नावं नोंदवहीत ठेवली. नशीब की ती आता ऑनलाइन शोधता येतात.

बेळगाव_आमचंच
बेळगाव आमचंच, आणि ते महाराष्ट्रात यायलाच पाहिजे. स्मारकावर 'बेळगाव' असंच कोरा, दुसरं नाव खपवून घेणार नाही.

सीमेपलीकडे
इथे पण सुरू झालं का? माणसाला नाव शोधून द्या आधी. आणि येताना कुंदा आणा.

बेळगाव_आमचंच
कुंदा आम्हीच तुम्हाला शिकवला.

संपादक
सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे. इथले अवांतर प्रतिसाद उडवले जातील.

सुभेदार_निवृत्त
उडवायच्या आधी एक. त्या सीमेच्या वादातच उत्तर आहे. तिलारीकर, तुमचं गाव चंदगड तालुक्यातलं ना? चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं. राज्य पुनर्रचनेत बाकीचा जिल्हा म्हैसूरला गेला आणि चंदगड मुंबई राज्यात राहिलं. १९१६ च्या नोंदीत कोल्हापूर कुठून येणार? बेळगाव टाका.

तिलारीकर
आईशप्पथ. हे डोक्यातच आलं नाही.

तिलारीकर
सापडले!! त्या नावाचे बरेच जण आहेत, पण एकाच्या पुढे वडिलांचं नाव आमच्या पणजोबांचं. गावाचं स्पेलिंग भलतंच आहे, पण मोठ्यानं वाचलं की आमचंच गाव. शिपाई, ११० वी मराठा लाईट इन्फंट्री, नंबर पण आहे. ऑगस्ट १९१६. बसरा मेमोरियल. आईला वाचून दाखवलं तर ती फक्त म्हणाली, "तेच की मी सांगत होते." आता कमिटीतले एक गृहस्थ म्हणतात, ऑगस्ट १९१६ ला ११० वी कुठे लढतच नव्हती, मग लढाईत कामी आले कसं म्हणायचं? हे काय नवीन?

सुभेदार_निवृत्त
ते गृहस्थ अर्धं बरोबर बोलतात. ११० वी मेसोपोटेमियात कूट-अल-अमाराला तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती, १०३ आणि ११७ पण. सहावी पूना डिव्हिजन. १४७ दिवस वेढा. शेवटी रोजची भाकरी मूठभर पिठाची, घोडे कापून खायची वेळ, आणि आपले जवान ते मांस खायला बरेच दिवस तयार नव्हते. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, तेरा हजारांच्या आसपास माणसं तुर्कांच्या हाती गेली. शिपायांना वाळवंटातून पायी हाकलत नेलं. ऑगस्टमध्ये गेलेला माणूस बहुधा त्या तांड्यातला. तो लढून, उपाशी राहून, कैदेत गेला. त्याला स्तंभावर जागा नसेल तर तो स्तंभ कशासाठी बांधताय ते कमिटीला विचारा. कमिशननं त्याला युद्धातला मृत म्हणून नोंदवलंय, घरी ताटली पाठवली. आणखी काय पाहिजे?

तोब्रुकचा_नातू
+१. कैदेतली माणसं पळून गेली नव्हती. माझ्या आजोबांना पण गावात एकानं "हात वर करून आलास" म्हटलं होतं. यावर सुभेदारसाहेबांशी शंभर टक्के सहमत.

कागदपत्रे
अजून एक अडचण आहे, आत्ताच सांगितलेली बरी. स्तंभावर 'मराठा सेंटर, बेळगाव येथे प्रशिक्षित' असं वर एकदाच कोरणार आहात का? तर जपून. आजच्या रेजिमेंटची बांधणी १९२२ ची. तेव्हा ११४ व्या पलटणीची ट्रेनिंग बटालियन केली आणि बेळगावचं सेंटर त्यातून उभं राहिलं. १९१४ ला प्रत्येक पलटणीची भरती आणि शिकवणी आपापल्या डेपोत व्हायची. आजोबांचे भाऊ बेळगावात शिकलेही असतील, पण या सेंटरमध्ये नक्कीच नाही.

तिलारीकर
ती ओळ कोरून झालीय. मथळाच आहे तो.

दगडधोंडे
मी कोरीव काम करून घेतो, माझं ऐका. कोरलेली ओळ खोडता येत नाही, पण खाली वेगळी पाटी बसवता येते. '१९२२ पूर्वी भरती झालेले' असं उपशीर्षक द्या आणि त्याखाली हे नाव. ग्रॅनाइट आहे की काळा दगड? तुमच्याकडच्या पावसात अक्षरांत नुसता सोनेरी रंग भरला तर दोन पावसाळ्यांत शेवाळ त्याच्यावर बसतं. अक्षर खोल, व्ही आकारात कोरून घ्या, रंग नसला तरी सावलीनं वाचता येतं. आणि पाटीवर खाली जागा सोडा. अशी नावं एकटी येत नाहीत.

गस्तवाला
ग्रॅनाइटच चांगला. दिल्लीला ग्रॅनाइटच आहे.

दगडधोंडे
दिल्लीला तिलारीचा पाऊस पडत नाही.

तिलारीकर
कमिटी वेगळ्या पाटीला तयार झाली, पाथरवटाला बुधवारपर्यंत थांबवलं. सगळ्यांचे आभार, सुभेदारसाहेब आणि कागदपत्रे यांचे खास. आता दगडधोंडे म्हणतात तसंच झालंय. ताटलीची गोष्ट गावात पसरली आणि वरच्या आळीतून निरोप आलाय की त्यांच्याकडेही तसलंच एक आहे, लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून. नाव झिजलंय, पहिली दोनच अक्षरं लागतात. फोटो काढलाय, पण इथे चढवताना 'फाईल मोठी आहे' म्हणतंय. कसा टाकू?