एकटीने ॲनिमेशन शॉर्टफिल्म करतेय, हंडे बोलतात पण लिपसिंकने जीव काढलाय

पालथा_घडा:

नमस्कार मंडळी. बीएस्सी ॲनिमेशन, शेवटचं वर्ष, सध्या पुण्यात, मूळची लातूरची. फायनल प्रोजेक्टला चार मिनिटं वीस सेकंदांची टूडी फिल्म करतेय आणि एकटीच करतेय, म्हणजे आधी दोघी होतो पण पार्टनरला मधेच नोकरी लागली, ती गेली हैदराबादला, तिच्याबद्दल तक्रार नाही, बॅकग्राउंडं बरीचशी तिनेच रंगवून दिलीत.

स्टोरी सांगते म्हणजे अंदाज येईल. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. आमच्या गल्लीत टँकर कधी येईल याचा काही नेम नसायचा त्यामुळे माणसं घरात आणि रांगेत नुसते हंडे, कळशा, घागरी, रंगाचे रिकामे डबे. तर फिल्ममध्ये रात्री ही रांग आपापसात बोलते. पितळी हंडा म्हातारा आणि खडूस, स्टीलची कळशी जरा शिष्ट, आणि एक प्लास्टिकची हिरवी घागर, जिच्यात दगड टाकायचा राहिलाय, ती वारं सुटल्यावर रांगेतून उडते आणि तिच्या घरचा नंबर जातो. बस, एवढीच गोष्ट.

आता त्रांगडं. क्रिटा या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये ऑन टूज करतेय, म्हणजे एक ड्रॉइंग दोन फ्रेम टिकतं, सेकंदाला बारा ड्रॉइंग धरली तरी ३१२० होतात, त्यातली निम्मीसुद्धा झालेली नाहीत. हंड्यांना डोळे-तोंड दिलंय आणि तिथेच सगळा वेळ जातोय, तोंडांचे जे चार्ट मिळतात ते सगळे इंग्रजी उच्चारांचे, त्यात आपला ळ आणि ण कुठे बसवायचा कळत नाही. गाइड सरांचं म्हणणं, परीक्षकांच्या पॅनेलला लिपसिंक, म्हणजे संवादाला जुळून हलणारं तोंड, दिसलंच पाहिजे. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, फाइल पंचवीस-तीस सेकंदांच्या पुढे गेली की क्रिटा मान टाकतं. टँकर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये केलाय कारण चाकं आणि पर्स्पेक्टिव्ह हाताने काढायची माझी ताकद नाही, पण तो हंड्यांशेजारी आला की वेगळ्याच पिक्चरमधून घुसल्यासारखा दिसतो.

सबमिशन एप्रिलच्या शेवटी. काय कापू, काय ठेवू? फक्त "स्कोप कमी कर" सांगणार असाल तर ते आईपण सांगते.

लाइटबॉक्स_नाना:

आई बरोबर सांगतात पण काय कमी करायचं ते मी सांगतो, स्टुडिओत हेच काम करतो रोज.

पहिलं म्हणजे ते ३१२० डोक्यातून काढ. हंडा ही पत्र्याची वस्तू आहे, तो वाकत नाही, दबत नाही, मग प्रत्येक फ्रेमला नव्याने काढतेयस कशाला? प्रत्येक पात्राचं एकच नीट, प्रेमाने केलेलं ड्रॉइंग ठेव, क्रिटा ५ पासून ट्रान्सफॉर्म मास्कला कीफ्रेम देता येतात, म्हणजे तेच चित्र कुठल्या फ्रेमला कुठे आणि किती कललेलं ते ठरवता येतं, त्याने कलणं, डुलणं, टुणकन उडी मारणं सगळं निघतं. हाताने फ्रेम बाय फ्रेम करायचं ते फक्त घागर उडते तो भाग आणि पाणी. पाण्याला कसर करू नकोस, त्या फिल्ममध्ये पाणी दिसायला इतका वेळ लावल्यावर ते भिकार दिसलं तर लोक शिव्या देतील.

टँकर परका का वाटतो सांगू? ९९ टक्के तो दर फ्रेमला हलतोय, सेकंदाला चोवीस, आणि हंडे बारावर. डोळ्याला ते लगेच टोचतं. ब्लेंडरच्या ग्राफ एडिटरमध्ये स्टेप्ड इंटरपोलेशन नावाचा मॉडिफायर आहे, स्टेप २ कर, टँकरपण बारावर येईल. मटेरियल सपाट, एकरंगी कर, वरून लाइन आर्ट मॉडिफायरने बाह्यरेषा काढ आणि ती रेषा किंचित थरथरती ठेव कारण तुझी हाताची रेषा थरथरती असणारच. सावली मात्र ब्लेंडरची घेऊ नकोस, हाताने मार.

रॅमचं: शॉट तितक्या फाइली. दोनशे फ्रेमच्या वर फाइल जाताच कामा नये. सेटिंगमध्ये ॲनिमेशन कॅश, म्हणजे प्ले करायला साठवलेल्या फ्रेम, रॅमऐवजी डिस्कवर ठेवायचा पर्याय आहे तो लाव, आणि कॅश होणाऱ्या फ्रेमची साइजपण तिथेच कमी करता येते. एक्स्पोर्ट थेट व्हिडिओत करू नकोस, पीएनजी सिक्वेन्स काढ, म्हणजे प्रत्येक फ्रेमचं वेगळं चित्र. लाइट गेली किंवा रेंडर मधेच मेलं तर जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं, व्हिडिओ फाइल असेल तर ती अख्खीच्या अख्खी जाते.

आणि चार-वीस खूप आहे गं. ही अडीच मिनिटांची गोष्ट आहे.

पालथा_घडा:

नाना, टँकर स्टेप २ केला आत्ता. च्यायला. खरंच तेवढंच होतं.

अडीच मिनिटं मात्र पटत नाही. वाट बघणं हीच तर गोष्ट आहे, ती घाईत कशी सांगू?

लाइटबॉक्स_नाना:

वाट बघायला लांबी लागत नाही, न हलणारा शॉट लागतो. रांगेचा एक वाइड, दहा सेकंद, काही हलत नाही, फक्त लांबून कुत्रं भुंकतं आणि एक कळशी हळूच शेजारणीकडे बघते. ड्रॉइंग किती लागली? मोज. असे तीन शॉट ठेव आणि मधल्या गप्पा काप. तुझा ॲनिमॅटिक, म्हणजे कच्च्या चित्रांची फिल्म, न बघताच सांगतो, गप्पा जास्त आहेत.

घुमट_रेकॉर्डिस्ट:

मी साउंडवाला आहे, चित्रातलं मला कळत नाही, पण एक विचारू का, हंड्यांना तोंड काढलंच का? हंड्याचा आवाज हंड्यातून येऊ दे ना.

घरात पितळी हंडा असेल तर घे, कोरडा कर. पंखा-फ्रिज बंद, खोलीत गाद्या-गोधड्या टाक. तोंड हंड्याच्या काठापासून वीतभर लांब ठेवून आत बोल आणि मोबाइल काठाबाहेर, बाजूला धर, आत घालू नकोस, आत नुसता गरगर गोळा ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. एक टेक असा आणि तोच संवाद साधा, हंड्याशिवाय. मग ऑडॅसिटी या साउंड एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही ट्रॅक एकावर एक ठेवून मिसळ, घुमारा हवा तेवढा वाढव. पितळेला आणि स्टीलला वेगळा आवाज येतो, प्लास्टिकच्या घागरीला येतो तो अगदीच फटफटीत, तुझी तीन पात्रं तिथेच तयार झाली, व्हॉइस आर्टिस्ट शोधायला नको.

पुढची गंमत. नळाखाली हंडा भरताना आवाज बारीक बारीक होत जातो ना, आतली हवेची जागा कमी होते म्हणून. म्हणजे रिकामा हंडा जाड आवाजात बोलेल आणि भरत आला की त्याचाच आवाज पातळ होईल. शेवटी टँकर आल्यावर त्या खडूस म्हाताऱ्याचं वाक्य भरता भरता रेकॉर्ड कर, थोडं पाणी, वाक्याचा तुकडा, अजून थोडं पाणी, पुढचा तुकडा. बाहेरून टिचकी मारलीस तर मात्र उलटं होतं, पाणी वाढेल तसा सूर खाली जातो, जलतरंगवाले वाटीत पाणी घालून सूर उतरवतात तसं. दोन्ही आवाज वापर.

चित्रात फक्त डोळे ठेव, किंवा तेपण नको, बोलताना हंडा किंचित थरथरू दे आणि आत उरलेल्या घोटभर पाण्यावर वलय उठू दे. लिपसिंक संपलं.

उजनी_ते_मांजरा:

वरचं वाचून हंडा काढला आणि त्यात तोंड घालून बोललो, बायको विचारतेय बरं आहे ना. पण खरंच भारी घुमतं.

ताई मीपण लातूरचाच, त्या साली दुष्काळात तिथेच होतो. काही गोष्टी टाकाच. टँकरच्या मागचा व्हॉल्व्ह गळका असतो, रस्त्याने पाण्याची रेघ ओढत येतो आणि पोरं त्याच्यामागे तांब्या धरून पळतात. हंड्यांवर ऑइलपेंटने नाव नाहीतर घर नंबर, काही ठिकाणी सगळ्या हंड्यांच्या कानांतून एकच दोरी ओवलेली कारण मधे कुणी घुसू नये. हंडा नसेल तर नंबराला वीट ठेवायचे लोक, चप्पलपण. तुमच्या रांगेत एक चप्पल ठेवा की, तिला बोलायला लावू नका, ती नुसती बघेल.

आणि रेल्वेचं पाणी थेट गल्लीत नाही यायचं हे ध्यानात ठेवा, एप्रिलमध्ये पहिली गाडी आली ती दहा वाघिणींची, पाच लाख लिटर, ते स्टेशनवरून विहिरीत, मग शुद्धीकरणाला, मग टँकर. फिल्ममध्ये रेल्वे दाखवणार असाल तर लै सोपं करून टाकू नका.

पालथा_घडा:

चप्पल!! आमच्या रांगेत होती की. दोरी पण. रेल्वे दाखवत नाहीये, फक्त लांबून हॉर्न.

@घुमट, तुमची आयडिया वाचून अंगावर काटा आला, पण सरांचं काय करू? मार्किंगच्या कागदावर लिपसिंक असं स्वतंत्र लिहिलेलं आहे.

खडू_फळा:

मी एका कॉलेजात हाच विषय शिकवते म्हणून दुसरी बाजू मांडते. वरची मंडळी फिल्मच्या दृष्टीने बोलतायत आणि ते योग्यच आहे, पण तुला मार्कही हवेत आणि उद्या नोकरीला दाखवायला शोरील, म्हणजे कामाचे नमुनेही. कागदावर लिपसिंक आहे ना, मग एका माणसाला पाच-सात सेकंद बोलू दे. टँकरचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ओरडतो, "ए, रांगेत लावा, धक्काबुक्की नको." क्लोजअप, एक शॉट. तो मन लावून कर आणि सरांना आधीच दाखव, शेवटच्या दिवशी नाही.

रुबार्ब लिप सिंक नावाचं फुकट टूल आहे, ऑडिओ दिला की कुठल्या फ्रेमला तोंडाचा कुठला आकार ते काढून देतं. त्याचं नेहमीचं सेटिंग इंग्रजी ओळखतं, ते बदलून फोनेटिक कर, ते इतर भाषांना चालतं. मूळ आकार सहाच आहेत. ळ-ण ची चिंता सोड, जीभ आत वळते ती बाहेरून दिसतच नाही. आरशासमोर वाक्य म्हणून बघ. प फ ब भ म ला ओठ पूर्ण मिटले पाहिजेत, आणि ते मिटलेलं तोंड आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी ठेव, फ आपल्यातले बरेच जण खालच्या ओठावर दात टेकवून म्हणतात तो अपवाद. ओ आणि उ ला गोल. एवढं बरोबर पडलं की बाकीचं प्रेक्षक आपोआप भरून घेतो. उलट प्रत्येक अक्षराला तोंड बदललंस तर पात्र दाढ दुखल्यासारखं दिसतं.

उजनी_ते_मांजरा:

ड्रायव्हरच्या तोंडाला गमछा बांधा, हाय काय अन् नाय काय 😄

खडू_फळा:

अहो दादा, मार्क जातील तिचे.

पिक्सेल_पाटील:

एवढं टेन्शन कशाला घेता, लॅटव्हियाच्या गिन्ट्स झिल्बालोडिसने अवे हा अख्खा सव्वा तासाचा पिक्चर एकट्याने केलाय, संवाद एकपण नाही. आणि त्याचा पुढचा, फ्लो, ब्लेंडरमध्ये केला आणि २०२५ ला ऑस्कर घेतलं. सॉफ्टवेअर फुकट, फक्त जिद्द पाहिजे.

लाइटबॉक्स_नाना:

पाटील, फ्लोला टीम होती, निर्माते होते, दोन-तीन देशांचा पैसा होता. "जिद्द पाहिजे" ऐकून पोरं रात्र-रात्र जागतात आणि मनगट धरून बसतात, स्टुडिओत बघतोय मी. अवेचं उदाहरण मात्र चांगलं दिलंत, एकटा आहे म्हणून त्याने गोष्टच अशी घेतली की बोलायची गरज पडली नाही. जवळचं बघायचं तर गीतांजली राव यांची प्रिंटेड रेनबो बघ, २००६ ची, हाताने रंगवलेली, पंधरा मिनिटांची, म्हातारी बाई आणि तिच्या काड्यापेट्या, त्यातही संवाद नाहीत. कान फिल्म फेस्टिव्हलच्या क्रिटिक्स वीकला बक्षिसं मिळाली होती.

पालथा_घडा:

बघते. अजून एक राहिलं, क्रेडिट्स. ब्लेंडरमध्ये मराठी नावं टाकली तर वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरं फुटतात, माझ्या आजीचं नाव "रुक्मिणी" तर वाचताच येत नाहीये, आणि फिल्म तिलाच अर्पण आहे.

काना_मात्रा:

ब्लेंडरच्या टेक्स्ट ऑब्जेक्टला देवनागरी नीट जुळवता येत नाही, फॉन्ट बदलून उपयोग नाही. इंकस्केप या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये टाइप कर, तिथे रुक्मिणी बरोबर दिसेल, मग ऑब्जेक्ट टू पाथ करून एसव्हीजी सेव्ह कर आणि ब्लेंडरमध्ये आण, तेव्हा ते अक्षर राहत नाही, चित्र होतं, मोडायचा प्रश्नच नाही. क्रेडिट हलणार नसतील तर साधी पारदर्शक पीएनजीही चालेल. फॉन्टला "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्त किंवा बालू घे, दोन्ही खुल्या लायसन्सचे, फिल्मला वापरायला पैसे नाहीत. हंड्यांवरची नावं मात्र फॉन्टने लिहू नकोस हं, ऑइलपेंटची आहेत ना ती, ब्रश घे.

पालथा_घडा:

ब्रशच. थँक्यू सगळ्यांना, नानांना आणि मॅडमना विशेष. असं ठरवलंय: हंड्यांची तोंडं काढून टाकतेय, डोळेपण जातील बहुतेक, ड्रायव्हरचा एक शॉट लिपसिंकचा, गमछा गळ्यात. लांबी तीनच्या आत आणते, अडीच नाही होणार नाना, सॉरी. पितळी हंडा हॉस्टेलवर कुठून येणार, रविवारी मावशीकडे पिंपरीला जातेय, तिच्याकडे आजीचा आहे.

@घुमट, एक शंका, हंड्याला आतून कल्हई आहे, त्याने आवाजात फरक पडेल का?

घुमट_रेकॉर्डिस्ट:

कल्हईचा थर अगदी पातळ असतो, कानाला कळणार नाही. पोचा आहे का ते बघ, पोच्याने टिचकीचा आवाज बसका येतो, पण म्हाताऱ्या हंड्याला तो शोभेल. आणि मावशींना आधी फोन करून सांग, त्यात पाणी भरून ठेवलेलं असेल तर कोरडा व्हायला वेळ लागतो.