पीएच.डी. थिन फिल्ममध्ये, पुढचे संशोधन वातावरणभौतिकीत करायचे आहे – मार्गदर्शन हवे

नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातली आहे. माझी भौतिकशास्त्रातली पीएच.डी. पूर्ण झाली असून झिंक ऑक्साइडच्या थिन फिल्मपासून, म्हणजे अतिशय पातळ थरापासून, केलेले वायुसंवेदक हा प्रबंधाचा विषय होता. स्प्रे पायरोलिसिसने, म्हणजे तापलेल्या काचपट्टीवर द्रावण फवारून, थर बसवायचा, एक्स-रे विवर्तनाने तो तपासायचा आणि तापवलेल्या फिल्मवर अमोनिया सोडून तिचा रोध किती बदलतो हे मोजायचे, असे कामाचे स्वरूप होते. मी सेट उत्तीर्ण आहे आणि सध्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. यापुढे मात्र मला वातावरणभौतिकीत, नेमके सांगायचे तर जमिनीलगतच्या हवेच्या थरावर काम करायचे आहे, आणि त्यासाठी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

थिन फिल्मचा कंटाळा आला म्हणून हा विचार सुरू झालेला नाही. आमच्या घरी केळी आहे आणि कांदेबागेची (पावसाळ्याअखेर लावलेल्या केळीची) कोवळी झाडे ऐन थंडीत सापडतात. पारा 10 अंशांच्या खाली उतरला की वाढ थांबते, पाने पिवळी पडतात, निसवण (घड बाहेर पडणे) अडकते. एकाच शिवारात नाल्याकाठच्या बागेला फटका बसतो आणि चढावरची बाग वाचते, हे आमच्याकडे कोणताही शेतकरी सांगेल. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन व पाने प्रारणाने उष्णता गमावतात, त्यांच्या लगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि जड होऊन उताराकडे सरकते, इतके भौतिकशास्त्र मला ठाऊक आहे. पण सातपुड्याच्या पायथ्याकडून तापीकडे येताना तापमानातला हा फरक किती अंशांचा असतो, किती उंचीपर्यंत टिकतो आणि रात्रीच्या कोणत्या प्रहरी सर्वाधिक असतो, हे मला मोजायचे आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरत असल्यामुळे हा प्रश्न केवळ अभ्यासापुरता उरत नाही.

थंडीपासून बाग वाचवायला बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करण्याचेच पाहा. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीकडून वर जाणारे 10 मायक्रॉनच्या आसपासचे अवरक्त प्रारण ते फारसे अडवू शकत नाहीत. मग बागेला जो थोडाफार फायदा होतो तो आगीच्या प्रत्यक्ष उष्णतेचा, की तिच्यामुळे वरची उबदार हवा खाली मिसळण्याचा? रात्री पाणी भरण्याचा उपाय अधिक पटतो, कारण ओल्या जमिनीची उष्णता साठवण्याची आणि खालून वर वाहून आणण्याची क्षमता कोरड्या जमिनीपेक्षा जास्त असते.

स्वतःच्या तयारीचा अंदाज घेतला तर संवेदकाचे अंशांकन, त्याच्या वाचनात हळूहळू येणारा सरकाव, आर्द्रतेमुळे होणारी गफलत आणि क्षीण विद्युतप्रवाहाचे मापन या गोष्टी मला नीट येतात. द्रवगतिकी मात्र एम.एस्सी.ला जेवढी झाली तेवढीच. जमिनीलगत वारा आणि तापमान उंचीनुसार कसे बदलतात हे सांगणारा मोनिन आणि ओबुखोव यांचा 1954 चा सिद्धांत वाचते आहे, पण तो नेमका अतिस्थिर (थंड हवा खाली बसून वरच्या हवेत जवळजवळ मिसळत नाही अशा) रात्रींना, म्हणजे मला ज्यांत रस आहे त्याच रात्रींना, अपुरा पडतो असे दिसते. युरोपीय हवामान केंद्राची ईआरए5 ही 1940 पासूनची हवामानाची ताशी आकडेवारी पायथनने उघडून पाहिली. तिच्या जाळीचा चौकोन पाव अंशाचा, म्हणजे आपल्याकडे साधारण 27 किलोमीटरचा असतो आणि त्यात अख्खे शिवार, नाला, चढ, सगळे एक होऊन जाते. प्रत्यक्ष बागेत जाऊन मोजण्यावाचून इलाज नाही, याची खात्री मला तेव्हा पटली.

माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे असे की, आधी कायम नोकरी मिळवावी आणि मग हवा तो विषय घ्यावा. त्यांची काळजी मला कळते. एका मुलाखतीत मला संशोधनात सातत्य का नाही, असे विचारण्यात आले आणि मी उत्तर देऊ लागताच पुढचा प्रश्न आला. मनाला उभारी देणारे उदाहरण वेंकी रामकृष्णन यांचे आहे. त्यांनी 1976 मध्ये भौतिकशास्त्रात पीएच.डी. घेतल्यावर जीवशास्त्र शिकण्यासाठी पुन्हा विद्यार्थी म्हणून प्रवेश घेतला आणि पुढे रायबोसोमवरील (पेशीत प्रथिने बनवणाऱ्या घटकावरील) कामासाठी त्यांना 2009 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. परंतु ते त्या वेळी पंचविशीच्या आतबाहेर होते. मी तिशी ओलांडली आहे आणि राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल (पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या) फेलोशिपची वयोमर्यादा, महिलांसाठीची सवलत धरूनही, नजरेआड करता येत नाही.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत किंवा विद्यापीठाच्या वातावरण विभागात थिन फिल्मची पार्श्वभूमी असलेल्या उमेदवाराचा पोस्टडॉक्टरल कामासाठी गांभीर्याने विचार होतो का? की आधी सीमास्तर हवामानशास्त्राचा (जमिनीलगतच्या हवेच्या थराच्या शास्त्राचा) रीतसर अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा लागतो? संवेदकांच्या बळावर प्रवेश मिळवला तर कायम उपकरणे सांभाळणारी म्हणूनच ओळख राहील, अशीही भीती वाटते. हा मार्ग घेतलेल्यांचा अनुभव ऐकायला आवडेल. शिवाय सहायक प्राध्यापकाची जाहिरात भौतिकशास्त्राची असताना वातावरणशास्त्रातल्या नियतकालिकांतले शोधनिबंध छाननीत त्याच विषयाचे धरले जातात का, हे निवड समितीवर काम केलेल्या कोणी सांगितले तर फार मदत होईल.

कोणाला प्रस्ताव पाठवण्याआधी, येत्या थंडीत नाल्याकाठच्या आणि चढावरच्या अशा दोन बागांत स्वतः नोंदी घेण्याचे ठरवले आहे. केळीची झाडे माणसापेक्षा उंच असल्यामुळे दीड-दोन मीटरवरचा प्रमाणित संवेदक पानांच्या छायेतच राहतो. अशा वेळी खांब झाडांच्या वर काढून किती उंचींवर मोजावे, आणि पानाचे स्वतःचे तापमान घेण्यासाठी बारीक तारेचे थर्मोकपल (दोन धातूंच्या तारा जोडून केलेला तापमान-संवेदक) पानाच्या खालच्या बाजूला चिकटवणे योग्य ठरेल की अवरक्त तापमापीच बरी?